राखाडी पट्टा

"दादा, एवढं सगळं आरशासारखं केलंस आणि टायरजवळचा पट्टा तसाच ठेवलास? कंटाळलास ना?"

सिद्धी गुडघ्यांवर हात टेकून, वाकून चाक बघत होती. दहा वर्षांची सिद्धी कुठलीही गोष्ट आधी वाकून बघायची आणि मग तिची चेष्टा करायची.

राजस फडक्यानं रिम पुसत राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीतले आठ दिवस त्यानं या दोन चाकांवर घातले होते. हेअर ड्रायरनं गरम करून स्टिकर सोडवले. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं काळा रंग घासून काढला. मग आठशे नंबर, मग पंधराशे, आणि शेवटी बाबांच्या जुन्या बनियनवर पॉलिश घेऊन बोटं दुखेपर्यंत चोळलं. आता रिममध्ये गॅलरीत वाळत घातलेले कपडे उलटे दिसत होते. फक्त टायरलगतचा बोटभर रुंदीचा पट्टा, जो त्यानं पूर्ण वेळ टेप लावून झाकून ठेवला होता, तेवढा राखाडी राहिला होता.

"तिथं ब्रेकचे रबर घासतात. तिथं हात लावायचा नाही, असं आप्पाजी म्हणाले."

"नव्या शर्टाला जुनी कॉलर लावल्यासारखं दिसतंय," सिद्धी म्हणाली आणि निघून गेली.

राजसला खरं तर तसंच वाटत होतं. वर्गात उत्तर दिल्यावर बाईंच्या भुवया बघून आपलं उत्तर बदलणाऱ्या मुलांपैकी तो होता. पण आप्पाजींचं त्यानं ऐकलं होतं. आप्पाजी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या सुप्रीताचे आजोबा. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून बेंगळुरूला आलेलं. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कारखान्यात यंत्रांचे भाग घडवले होते. राजसनं पॉलिशबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी त्याचं बोट धरून त्या पट्ट्यावरून फिरवलं होतं. पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेघ कोरलेली होती.

"ही रेघ कारखान्यातच पाडतात. ब्रेक लावून लावून पट्टा झिजत जातो. रेघ दिसतेय तोवर रिम चांगली. रेघ गेली की रिम बदलायची. तू पॉलिश केलंस तर रेघ तूच पुसशील, आणि मग रिम किती झिजलीय ते कुणालाच कळणार नाही."

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी जितेंद्रकाकांच्या सायकली आल्या.

जितेंद्रकाका आयटीत होते. दर सुट्टीत ते जे. पी. नगरमधल्या या संकुलातल्या मुलांसाठी सायकल शिबिर भरवायचे. या वर्षी त्यांनी जुन्या सायकली स्वस्तात मिळवल्या होत्या. रविवारी सकाळी टेंपोत सायकली टाकून येलहंक्याच्या पुढे एका टेकडीवर जायचं आणि आठ मुलांनी वळणावळणाच्या रस्त्यानं सायकलवरून खाली यायचं, असा बेत होता. आठवी सायकल सिद्धीची होती.

टेंपोचा पडदा वर झाला आणि मुलांनी आ वासला. सोळाच्या सोळा रिम्स झगझगत होत्या.

"तुझीच आयडिया, बडी," जितेंद्रकाका राजसच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "तुझी चाकं पाहिली आणि म्हटलं, सगळ्यांचीच करून घेऊ. शिवाजीनगरमध्ये मशीनवर बफिंग केलं. फोटो काय भारी येतील."

राजसची छाती फुगली. पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं काही उचललं होतं. तो एका चाकाजवळ बसला. सायकल त्याच्याच सायकलीच्या कंपनीची, तीच बनावट. त्यानं सवयीनं टायरलगत बोट फिरवलं.

बोटाला काहीच लागलं नाही. पट्टाही चकचकीत होता आणि रेघ नव्हती.

त्यानं दुसरं चाक पाहिलं. मग तिसरं. आठही सायकली पाहून झाल्यावर तो काकांकडे वळला.

"काका, यांच्यावरची रेघ गेलीय."

"कसली रेघ?"

राजसनं सांगितलं. पण सांगता सांगता तो अडखळला, "म्हणजे मला नक्की माहीत नाही, आप्पाजी म्हणाले होते," असं म्हणाला, आणि काकांचं लक्ष फोनकडे गेलं.

"डोंट वरी रे. ब्रेकचे रबर नवेकोरे टाकलेत, टॉप क्वालिटी."

घरी आईनंही तेच म्हटलं. "काकांनी बघितलं असेल ना सगळं? एवढ्या मुलांची जबाबदारी घेतलीय त्यांनी." सिद्धी रविवारसाठी बॅग भरत होती. तिनं त्यात चिक्कीची तीन पाकिटं ठेवली होती.

राजसनं मग सुप्रीताला गाठलं. ती त्याच्याहून वर्षानं मोठी होती आणि शंका घेण्यात तिचा वेळ जात नसे.

"चूक तुझी आहे का त्यांची, ते इथं बसून कसं कळणार?" ती म्हणाली. "उद्या आप्पाजी चष्मा दुरुस्त करायला शिवाजीनगरलाच चाललेत. आपण जाऊ. बफिंगवाल्याला विचारू."

"आणि माझीच चूक निघाली तर?"

"तर परत येताना मसाला डोसा खाऊ. नाही निघाली तरी खाऊ."

शुक्रवारी आप्पाजी चष्म्याच्या दुकानात बसले आणि ही दोघं समोरच्या गल्लीत शिरली. विचारत विचारत पाचव्या कारखान्यात काकांच्या रिम चमकवणारे प्राणेश अण्णा सापडले. फिरत्या कापडी चाकावर ते नळाची तोटी धरून बसले होते आणि त्यांच्या भुवयांवर काळी धूळ साचली होती. सुप्रीतानं कन्नडमध्ये विचारलं आणि ऐकता ऐकता राजसला मराठीत सांगत गेली.

"अण्णा म्हणतात, सोळा नव्हे, अठरा रिम आल्या होत्या. नऊ सायकलींच्या. भाड्यानं सायकली देणारं एक दुकान बंद पडलं, त्यातल्या. हे म्हणाले, ब्रेकचा भाग सोडतो. पण काका म्हणाले, फुल शाइन पाहिजे."

"मग नववी सायकल कुठाय?"

प्राणेश अण्णांनी यंत्र बंद केलं. कोपऱ्यातल्या भंगारातून त्यांनी एक रिम ओढून काढली. तिची कड वीतभर फाटून बाहेर वळली होती.

"बफिंगला धरली आणि हातात फुटली," सुप्रीता हळू आवाजात म्हणाली. "यांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, मग आठच द्या."

अण्णांनी आपण होऊन आणखी काही सांगितलं. ते सुप्रीतानं मराठीत आणलं. "म्हणतात, मी नळ आणि भांडी चमकवणारा माणूस. मला वाटलं, एकच खराब असेल. मुलांसाठी आहेत हे कुणी सांगितलं नाही." फाटलेल्या कडेचा लोंबता तुकडा त्यांनी पकडीनं तोडला आणि कागदात गुंडाळून राजसच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये राजस तो तुकडा बोटांत फिरवत राहिला. बाहेरून तो आरशासारखा होता. पण अंगठा ठेवला की मध्ये बुडत होता, चमच्यात बुडावा तसा. वर्षानुवर्षं ब्रेकनं घासून तिथं खळगा पडला होता आणि पातळ झालेली कड फाटली होती. पॉलिशनं रंग गेला, रेघ गेली, पण खळगा काही भरला नव्हता.

"सुप्रीता," तो एकदम म्हणाला, "सरळ पट्टी टेकवली तर? खळगा असेल तर पट्टीखालून उजेड दिसेल."

"कसली पट्टी?"

"कंपासपेटीतली. स्टीलची."

पुढच्या सीटवर बसलेल्या आप्पाजींची मान किंचित वळली.

शनिवारी सकाळी सात वाजता राजस, सुप्रीता आणि डोळे चोळणारी सिद्धी बेसमेंटमध्ये सायकलींपाशी बसली. राजस पट्टी टेकवायचा, सुप्रीता मागून टॉर्च धरायची आणि सिद्धी बघायची. पाच सायकलींना पट्टी नीट चिकटून बसली. तीन सायकलींना पट्टीखालून उजेडाची कोर दिसली.

आठव्या सायकलीची कोर सगळ्यात जाड होती. सिद्धी तिच्याकडे बराच वेळ वाकून बघत राहिली. या वेळी तिनं चेष्टा केली नाही.

"ही माझी ना?" तिनं विचारलं.

जितेंद्रकाका आठला आले. राजसनं त्यांच्यासमोर तुटका तुकडा ठेवला. ते जरा वरमले, पण लगेच सावरले. "तो एक पीस खराब होता, म्हणून तर काढला. बाकीचे ओके आहेत. उद्याचा टेंपो बुक आहे, पालकांना मेसेज गेलेत. एका पट्टीवरून मी सगळं कॅन्सल करू का, तूच सांग?"

उत्तर सुप्रीताला सुचलं. तिनं राजसला खांबामागे ओढलं.

"रॅम्प आत्ताच धुतलाय, ओला आहे. पाण्यात चकचकीत पट्ट्यावर रबर धरणारच नाही. खाली सपाट जागा आहे. आपण काकांना सांगू, तुमचा सायकलवरचा फोटो हवाय. येतील की नाही बघ. पुढं रिकामे खोके रचू, त्यांत उशा भरू. स्वल्प धक्का बसेल, बाकी काही नाही."

खोके आले, उशा आल्या. सिद्धीनं खडूनं आडवी रेघ ओढली. आधी राजस आपल्या सायकलवरून उतारावरून आला. रेघेवर त्यानं ब्रेक दाबला. राखाडी पट्ट्यावर रबर कर्र वाजलं आणि सायकल दोन वितींत थांबली.

फोटो म्हटल्यावर जितेंद्रकाका हेल्मेट घालून, केस नीट करून आले. सिद्धीची सायकल घेऊन ते रॅम्पच्या टोकाला उभे राहिले. ठरल्याप्रमाणे राजसनं गप्प राहायचं होतं. पण आपण ज्याच्याशी भांडतोय, तो माणूस आपल्याच शब्दावर विश्वास ठेवून उतारावर उभा आहे, हे त्याला बघवेना.

"काका, थांबा." तो धावत वर गेला. "फोटो नकोय आम्हाला. ही सायकल रेघेवर थांबणार नाही, ते तुम्हाला दाखवायचं होतं. खाली खोके त्यासाठीच ठेवलेत. तुम्हाला न सांगता पाठवायचं होतं, पण मला ते बरं नाही वाटलं."

खाली सुप्रीतानं कपाळावर हात मारून घेतला.

काका हसले. "एवढी खात्री आहे तुला?"

राजसनं त्यांच्या भुवयांकडे बघितलं. त्या हसत होत्या. कालपर्यंत तो इथंच डगमगला असता.

"हो," तो म्हणाला. "हळूच जा."

काका निघाले, आणि खरंच हळू निघाले. रेघेच्या बरंच आधी त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. कर्र आवाज आलाच नाही. नवेकोरे रबर ओल्या, चकचकीत रिमवरून साबणासारखे सरकत गेले. काकांनी मुठी आणखी आवळल्या. सायकल रेघ ओलांडून शांतपणे पुढं गेली आणि तिनं खोक्यांच्या रांगेत नाक खुपसलं. उशा बाहेर आल्या.

काका एका खोक्यावर बसले. मग त्यांनी हात पुढं केला. "ती पट्टी दे."

राजसनं दिली. सुप्रीतानं टॉर्च धरला. काकांनी पट्टी रिमवर टेकवली, कोर बघितली, पट्टी सरकवून पुन्हा बघितली.

"मी पायी चालायच्या वेगानं आलो," ते म्हणाले. "उद्या ही पोरगी त्या वळणांवरून आली असती." त्यांनी सिद्धीकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. "प्राणेशनं फोन केला होता, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मला फोटो दिसत होते फक्त."

रविवारचा बेत पुढं ढकलला गेला. काकांनी स्वतः प्रत्येक पालकाला फोन करून कारण सांगितलं आणि त्यात आपलं नाव वगळलं नाही. त्या तीन सायकलींच्याच नव्हे, सोळाही रिम बदलायच्या ठरल्या. नव्या रिम आल्या, तेव्हा पट्ट्यांवर बारीक रेघ होती. मुलांनी आठवडाभर बसून त्या पॉलिश केल्या. टेप कशी लावायची, हे राजसनं शिकवलं. शिकवताना तो एकदाही "मला नक्की माहीत नाही" म्हणाला नाही, हे फक्त सुप्रीताच्या लक्षात आलं.

त्यानंतरच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी पालक उभे होते. आप्पाजी घडीच्या खुर्चीवर बसले होते. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आजपासून शिबिरातली कुठलीही सायकल राजसनं पट्टी लावून बघितल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही. टाळ्या वाजल्या. राजस बुटांकडे बघत राहिला. शेवटच्या वळणावरून हेल्मेट चमकू लागली, तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

सिद्धी आठवी आली. चाकं ऊन फेकत होती आणि टायरलगतचा राखाडी पट्टा फिरत होता. तिनं ब्रेक दाबला. कर्र आवाज आला आणि सायकल राजसच्या बुटांपासून दोन वितींवर थांबली.

"दादा," ती धापा टाकत म्हणाली, "कॉलर चांगलीय."

आप्पाजी उठले. त्यांनी तिच्या रिमवरून बोट फिरवलं, रेघ चाचपली, आणि राजसकडे बघून कन्नडमध्ये एकच शब्द म्हणाले.

"सरी."

"'बरोबर' म्हणाले, ऐकलंस ना?" सुप्रीता त्याच्या कानाशी म्हणाली. "मला अजून एकदाही नाही म्हणाले ते."

राजसनं आप्पाजींच्या भुवयांकडे बघितलंच नाही. त्यानं खिशातून पट्टी काढली, शर्टाला पुसली आणि परत ठेवून दिली.