आग्रही वाढपी आणि ऋजुताचा बेडूक

टिळेकाकांच्या पानात जिलब्यांची चळत लागली होती. काका हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणत होते आणि वाढपी यंत्रमानव दर 'पुरे'ला आणखी एक जिलबी ठेवत होता. काका जितकं नको म्हणत, तितका त्याला चेव येई. आता या यंत्राला झालं होतं तरी काय?

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पंगत बसली होती. आजोबा शास्त्रज्ञ, सारा जन्म यंत्रमानव घडवण्यात गेलेला, तेव्हा वाढायला यंत्रमानवच हवा हा त्यांचा हट्ट. त्याचा प्रोग्राम (यंत्राने काय करायचं त्याच्या क्रमवार सूचना) कॉलेजात शिकणाऱ्या निषाददादाने लिहिला होता. दादा घाम पुसत पडद्यावरच्या ओळी वरखाली करत होता, पण चूक काही सापडेना.

ऋजुता दाराआड उभी राहून बघत होती. एरवी तिने मध्ये नाक खुपसलंच असतं. पण सकाळीच दादा तिला म्हणाला होता, "रंगीत ठोकळे जोडून बेडूक नाचवलास म्हणजे प्रोग्रामिंग झालं होय गं? पोरखेळ आहे तो." तिचा बेडकाचा गेम शाळेच्या प्रदर्शनात, प्रोग्रामिंगच्या दालनात मांडला जाणार होता. जीव ओतून केला होता तिने तो. दादाचं बोलणं इतकं जिव्हारी लागलं, की तिने बाईंना कळवून टाकलं, माझं नाव काढा. बाईंनी उलट लिहिलं, संध्याकाळपर्यंत विचार कर.

"ऋजे, तोंड का पाडलंयस?" आजोबा जवळ आले.

तिने यंत्रमानवाकडे बोट दाखवलं. "आजोबा, तुम्ही दादाला नेमकं काय सांगितलं होतंत?"

"आपली रीतच सांगितली. पाहुणा संकोचाने पुरे म्हणतो. तेव्हा आग्रह करायचा आणि आणखी वाढायचं."

"आणि थांबायचं कधी?"

आजोबांनी दादाकडे पाहिलं. दादानेही मान वर केली. हे कुणी सांगितलंच नव्हतं की! आपल्याला ते न सांगता कळतं, पण बिचाऱ्या यंत्राला कसं कळावं?

"माझा बेडूक असाच मरत नव्हता," ऋजुता म्हणाली. "रस्ता ओलांडताना कितीदा गाडीखाली आला तरी टुणकन उठायचा. मग मी एक चल (बदलती संख्या ठेवायची डबी) घेतला. धडक बसली की डबीत एक मिळवायचा, तीन झाले की खेळ संपला. इथे दर 'पुरे'ला एक मिळवा. दोन झाले की पुढच्या पानाकडे जा."

दादाने तशा ओळी टाईप केल्या आणि टिळेकाका सुटले. यंत्रमानव पुढच्या पानाशी गेला. तिथे मावशीआजी बसल्या होत्या. त्यांनी लाजत "पुरे हो" म्हटलं मात्र, तो सरळ चालता झाला. मावशीआजींचा चेहरा उतरला. "मला मेलीला आग्रहसुद्धा नाही?"

"दादा, डबी रिकामी करायची राहिली," ऋजुता पटकन म्हणाली. "काकांचे दोन अजून तिच्यातच आहेत. नवं पान आलं की शून्यापासून मोजायचं. माझा बेडूक दुसऱ्या डावात आल्या आल्या मरायचा, म्हणून ठाऊक."

दादाने तेही केलं. मावशीआजींना आग्रहाची जिलबी मिळाली आणि पंगत मार्गी लागली.

"पण आजोबा, ठोकळे म्हणजे खरं प्रोग्रामिंग नाहीच ना?" विचारताना तिचे डोळे भरून आले होते.

"यंत्राला तुझे ठोकळे कळत नाहीत आणि दादाच्या ओळीही कळत नाहीत, बाळ. दोन्हींचं आधी यंत्राच्या भाषेत भाषांतर होतं. मूल पहिल्यांदा पाटीवर लिहितं, ते काय खोटं लिहिणं असतं? आता पाटी लहान पडते, हेही खरं. मोठं काम काढलंस की टाईप करायला शिकावं लागेल. पण काय करायचं, कधी, कितीदा, हे ठरवणं आणि चुकलं की चूक हुडकणं, हेच प्रोग्रामिंग. ते तू आत्ता माझ्या डोळ्यांदेखत केलंस."

दादा खाली मान घालून उभा होता. "चुकलं माझं, ऋजा. बाईंना कळव, नाव राहू दे म्हणून. आणि मला तो बेडूक दाखव. टाईप करायला मी शिकवतो तुला."

ऋजुताने आधी बाईंना कळवलं, मगच ती पानावर बसली. पुढे कधीतरी ती स्वतःच असा यंत्रमानव घडवणार होती, मनाशी तसं ठरलंच होतं. वाढपी जिलब्या घेऊन आला आणि त्याने एक वाढली. तिला आणखी एक हवी होती, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "पुरे."