जागेवरची मोजणी

मिरजेच्या 'सोबत' शुश्रूषागृहाच्या प्रयोगशाळेत सिस्टर एस्तेर सकटे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या अशा उभ्या राहिल्या की आज काही खरं नाही, हे सगळ्या कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं. डॉ. हृषीकेश लिमयांनाही ठाऊक होतं, पण ते यंत्रापुढून हलले नाहीत.

प्रश्न जनार्दन माळवदे यांचा होता. जन्मभर भूमापन खात्यात अधिकारी, आता स्मृतिभ्रंश. संध्याकाळ झाली की मोजणीला जायचंय म्हणून ते फाटक गाठायचे आणि अडवलं की लहान मुलासारखे रडायचे. त्यांना गतकाल-कक्षात हलवावं असं ठरत आलं होतं. त्या कक्षाच्या भिंती माणसाला त्याच्या उमेदीच्या वर्षांत नेऊन बसवत. माळवदे दिवसभर आपल्या जुन्या कचेरीत शांत बसले असते. मात्र एकदा आत गेलं की बाहेरच्या कुणाची भेट नाही, कारण एका परक्या चेहऱ्यानेही भास तुटतो. त्यांची मुलगी वृंदा या निर्णयासाठी आज सकाळीच पुण्याहून आली होती आणि तीही प्रयोगशाळेतच बसली होती. बापाचं रडणं तिला बघवत नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

एस्तेरबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की माळवद्यांना विचारा.

"कुणाला विचारू? आजाराला?" लिमये म्हणाले. "आत्ता हो म्हणतील, घटकाभराने नाही. म्हणून तर या यंत्रात त्यांची पूर्वमती बनवली. शुद्ध चांगली होती तेव्हा त्यांच्याशी आपण कितीतरी महिने बोललो. कोणता निर्णय कसा घेतला, का घेतला, कुठे अडले, सगळं तिच्यात आहे. ती त्यांची आठवण नाही, सिस्टर. ती त्यांची निर्णय घ्यायची रीत आहे. शहाणे असताना त्यांनी जे ठरवलं असतं, तेच ती ठरवते. कायद्याने तिचा शब्द म्हणजे त्यांची सही."

"आणि ती चुकली तर?"

"चुकत नाही. ती चुकते असं धरलं तर आजवर कक्षात पाठवलेल्या सगळ्यांचे होकार मोडीत काढावे लागतील."

"बरं झालं सांगितलंत," एस्तेरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपला हट्ट पुढे केला. पूर्वमतीला दरवेळी एकच प्रश्न जायचा: स्मृतिभ्रंश झाल्यावर तुम्हाला गतकाल-कक्षात ठेवावं का? त्यात आणखी एक वाक्य घालायचं. माळवदे आजही आमच्यात आहेत आणि रोज सकाळी व्हरांड्यात स्वयंपाकघरातल्या हौसाक्कांच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलतात.

वृंदा चकित झाली. अण्णांनी घरात कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः घेतला नव्हता, ते शेंगा सोलतात? सोलतात, आणि सोलताना गुणगुणतातही, असं एस्तेरबाईंनी सांगितलं. लिमयांना त्या वाक्याने काही फरक पडेलसं वाटलं नाही. त्यांनी ते घातलं.

यंत्रातून माळवद्यांचा जुना आवाज आला, दमदार आणि जरा तिरसट.

"हा शेंगा सोलणारा गडी कोण?"

"तुम्हीच, साहेब," लिमये म्हणाले. "आजचे."

"मग मला कशाला विचारता? कृष्णेनं काठ कापला की कागदावरचं रान पाण्यात असतं. कागद बघून मी कधी सही केलेली नाही. मला जागेवर न्या. जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो कब्जेदार हजर ठेवा."

काहीतरी बिघाड असावा, असं लिमये पुटपुटले. एस्तेरबाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. ती चुकत नाही, हे लिमयांचेच शब्द होते. त्यांनी निमूटपणे पूर्वमती टॅबलेटवर घेतली.

व्हरांड्यात माळवदे आणि हौसाक्का मधे सूप ठेवून बसले होते. वृंदा खांबापाशी थांबली. अण्णांचा असा निवांत चेहरा तिने गेल्या दोन वर्षांत पाहिला नव्हता, कारण तिला जमायचं ते संध्याकाळीच यायला. एस्तेरबाईंनी टॅबलेटचा पडदा माळवद्यांसमोर धरला.

"साहेब, आपल्या जुन्या कचेरीत येता का?" पूर्वमतीने विचारलं. "टेबल आहे, नकाशे आहेत."

माळवद्यांनी स्वतःचा आवाज ओळखला नाही. त्यांनी मान हलवली, मूठभर शेंगा उचलल्या आणि पडद्यापुढे धरल्या.

"कचेरी ऱ्हाऊ दे. बसा हितं. ह्या सोला."



"कब्जेदार जागेवर हजर आहे," पूर्वमती म्हणाली. "हद्द स्वतः दाखवतोय. इथं माझी सही चालणार नाही. बंद करा मला."

वृंदाचे डोळे भरून आले. संध्याकाळी ते परत फाटकाशी जाऊन रडतील तेव्हा काय, असं तिने विचारलं.

"तेव्हा फाटक उघडून मी त्यांच्याबरोबर मोजणीला जाईन," एस्तेरबाई म्हणाल्या. "दमले की परत येऊ."

वृंदा जमिनीवर बसली. अण्णांनी त्या शेंगा तिच्या ओंजळीत ओतल्या.

लिमये अजून विझलेल्या पडद्याकडे पाहत होते. गतकाल-कक्षातल्या माणसांचे होकार त्यांना आठवत होते. त्यांच्यापैकी कुणाच्याही पूर्वमतीला, तो माणूस अजून आहे हे कळवलेलं नव्हतं.

"चला डॉक्टर," कमरेची किल्ली सोडवत एस्तेरबाई म्हणाल्या. "त्यांच्या कक्षाचं दार उघडू."