दोन दिवस बंद ठेवलेली खिडकी

आधीच सांगते, ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्यावर बेतली ती ब्रिटा माझ्या समोरच राहते. आज सकाळीच दारातला बर्फ ओढता ओढता तिने मला हात केला. अर्धी गोष्ट तिने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. ती उठेपर्यंत तिचा कॉफीचा कप भरलेलाच होता.

उरलेली अर्धी मी स्वतः पाहिली.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आणखी एक. हे सगळं दिवसाढवळ्या घडलं. लख्ख ऊन होतं, बर्फावरून डोळे दिपत होते.

गाव आमचं लिंडेन क्रीक. आयोवाच्या उत्तरेला, चहूकडे मक्याची शेतं. इथे घर घेताना छप्पर बघतात, पाया बघतात आणि तळघरातला रेडॉन मोजतात. रेडॉन म्हणजे जमिनीतून येणारा वायू. दिसत नाही, वास नाही, चव नाही. थंडीत जमीन दगडासारखी गोठली की त्याला वर यायला सोपी वाट घराखालून. बंद घरात तो साठतो. वर्षानुवर्षं छातीत जातो.

ब्रिटाची बहीण सिग्ने अशीच गेली. फुप्फुसाचा कॅन्सर. तिने जन्मात सिगरेटला हात लावला नव्हता.

दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात ब्रिटाचा नवरा डॅरल चीजच्या कारखान्यात रात्रपाळीला. दिवसा झोपणार, तेही तळघरात, कारण तिथे अंधार आणि शांतता. त्यामुळे घर कसंही चाललं असतं, तळघरातली हवा मात्र चांगलीच हवी होती.

तिला आवडलेलं घर पामर रुस्टाड नावाच्या म्हाताऱ्याचं. नावावर होतं त्याच्या मुलीच्या, लव्हॉनच्या. बायको गेल्यापासून म्हातारा तळघरातच राहायचा, रस्त्याकडच्या खिडकीखाली पलंग टाकून. छातीचा आजार होता. घर विकलं गेलं की त्याला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं होतं.

फेब्रुवारीत मर्ल नावाचा माणूस रेडॉन मोजायचं यंत्र घेऊन आला. दोन दिवस घराच्या सगळ्या खिडक्या बंद ठेवायच्या, हा त्याचा नियम. नाहीतर आकडा खोटा येतो.

आकडा छान आला. पण यंत्र तासातासाची नोंद ठेवतं. मर्लने कागद ब्रिटापुढे धरला. आकडा चढायचा आणि मध्येच धाडकन खाली यायचा.

"कोणीतरी खिडकी उघडतंय," तो म्हणाला.

लव्हॉनने लपवलं नाही. बाबांना गुदमरतं, ते उघडतात, एवढंच म्हणाली. आता आमच्या गावात एकाच चर्चला जाणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा चाचणी मागणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणण्यासारखंच. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं डॅरलही म्हणाला. पण ब्रिटाने ऐकलं नाही.

"दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे," ती लव्हॉनला म्हणाली.

लव्हॉन हसली. इथे कोणी तोंडावर भांडत नाही. केक आणून देतात आणि जन्मभर लक्षात ठेवतात.

या वेळी मर्लने खिडक्यांना कागदी पट्ट्या चिकटवल्या. खिडकी उघडली तर पट्टी फाटणार, म्हणजे चोरी पकडली जाणार.

एकही पट्टी फाटली नाही. आकडा भयंकर आला.

त्याच दोन दिवसांत पामर गेला. ब्रिटाने रीतीप्रमाणे कार्ड पाठवलं, बटाट्याचं कॅसरोल करून नेलं. म्हातारा आजारी होताच, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

लव्हॉनने खर्च सोसून रेडॉनवरचा उपाय करून दिला. तळघराच्या जमिनीला भोक, त्यातून थेट छपरापर्यंत पाइप आणि वर पंखा. जमिनीखालचा वायू ओढायचा आणि आभाळात सोडायचा. पाइपावर काचेची वाकडी नळी, तिच्यात तांबडं पाणी. पंखा चालू असला की पाणी एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. दोन्हीकडे सारखं झालं तर पंखा बंद पडला समजायचं.

पुन्हा मोजलं तर रेडॉन जवळजवळ नाहीच. मार्चच्या सुरुवातीला दोघं राहायला आली.

पहिल्या आठवड्यातच आवाज सुरू झाला...

ब्रिटा स्वयंपाकघरात होती. खालून बारीक खरवडल्यासारखं ऐकू आलं. नखाने चिकटपट्टी उकलावी तसं. थांबायचं, पुन्हा व्हायचं. तिला वाटलं, उंदीर असेल. खाली गेली तर डॅरल गाढ झोपलेला. आवाज बंद.

पट्ट्या तर मर्लने कधीच काढून नेल्या होत्या.

मग डॅरलची तब्येत उतरायला लागली. सहा फुटी गडी, पण झोपून उठला की ओठ काळेनिळे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. काहीच सापडलं नाही. मर्लने येऊन रेडॉन पुन्हा मोजला. तोही नाही.

हवा स्वच्छ होती आणि माणूस गुदमरत होता.

"मी श्वास घ्यायला जातो ना," डॅरल एकदा म्हणाला, "तेव्हा तो कोणीतरी आधीच घेतलेला असतो."

ब्रिटाला हसू आलं. मग आलं नाही.

तिने तळघराची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी बघावं तर बंद. थंडीमुळे डॅरल लावत असेल, असं तिला वाटायचं. एका रविवारी ती त्याच्यावर करवादली, बाबा रे, खिडकी तरी उघडी राहू दे. डॅरल तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटत होतं, ती लावते.

दोघांपैकी कोणीच लावत नव्हतं.

त्यानंतरचीच ती दुपार. ब्रिटा भांडी विसळत होती. नळ बंद केला... आणि तिच्या लक्षात आलं, घरात काहीतरी नाही.

पंख्याची घरघर नव्हती.

ती जिना उतरली. खिडकी बंद होती. कोंदट वास येत होता, आजाऱ्याच्या खोलीला येतो तसा. पंखा बंद पडला का, म्हणून तिने नळीकडे पाहिलं. पाणी दोन्हीकडे सारखं हवं होतं.

पाणी हलत होतं...

वर. खाली. वर. खाली. सावकाश.

ती डॅरलकडे वळली. त्याची छातीही हलत होती, पण उलटी. पाणी चढलं की छाती बसायची. पाणी उतरलं की छाती भरायची. एकच श्वास दोघांत वाटून घेतल्यासारखा.

मग पाणी चढलं... आणि चढूनच राहिलं.

डॅरलची छाती बसली ती उठेना.

तिने त्याला हलवलं, थोबाडीत मारलं. डोळे उघडे, पण बघत होते खिडकीकडे. ती खिडकीकडे धावली. कडी निघाली, पण चौकट तसूभर हलेना. काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरत होती. ब्रिटा धापा टाकत होती, पण ती काचेपासून लांब, हात ताणून कडीशी झटत होती. वाफ धरत होती ती कोणीतरी काचेला नाक लावल्यासारखी, एकाच जागी, गोल.

जिन्याला बर्फाचं फावडं टेकवलेलं होतं. तिने ते उचललं आणि काचेवर घातलं.

थंड हवा आत घुसली. नळीतलं पाणी खाली आलं. डॅरल पालथा झाला आणि ओकारी यावी तसा खोकायला लागला.

वर पंखा सुरू झाला. आपोआप.

दुसऱ्या दिवशी ब्रिटा लव्हॉनकडे गेली. लव्हॉनने कॉफी ओतली, पुढे बशी सरकवली. ब्रिटाने सरळ विचारलं, तुझे बाबा गेले तेव्हा काय झालं?

आमच्याकडची जुनी माणसं नॉर्वेहून एक रीत घेऊन आलेली. घरात माणूस गेला की लगेच खिडकी उघडायची. जीवाला बाहेर जायला वाट द्यायची. देवावर विश्वास नसलेलेसुद्धा खिडकी तेवढी उघडतात.

"पहाटेपासून खिडकी उघड म्हणत होते," लव्हॉन म्हणाली. "मी नाही उघडली. मग गेले. बाबांची नर्स उठली आणि खिडकीकडे निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, पट्टी फाटेल, आणि ही बाई तिसऱ्यांदा चाचणी मागेल."

ब्रिटाने बशी परत सरकवली.

"दोनच दिवसांचा तर प्रश्न होता ना?" लव्हॉन म्हणाली. अगदी गोड आवाजात. "तुला आकडा खरा हवा होता. मिळाला."

निघताना ब्रिटाने तिला विनवलं, एकदा घरी ये, त्यांच्याशी बोल. लव्हॉनने मान हलवली.

"बाबांना जे मिळालं नाही, ते त्यांनी कधी दुसऱ्याला मिळू दिलं नाही. आईला विचारलं असतंस तर तिने सांगितलं असतं. मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

खिडकी तशीच फुटकी ठेवली. उघडी राहिली तोवर डॅरलला काही झालं नाही. तो वरच्या खोलीत झोपायला लागला, अंगही धरलं. पण घराचा दोघांनी धसका घेतला होता. थंडी सुरू होताच त्यांनी ते विकायला काढलं.

एक तरुण जोडपं आलं. त्यांना घर पसंत पडलं. फक्त रेडॉनची चाचणी करून हवी होती. त्यात वावगं काय? ब्रिटानेही तेच केलं होतं.

दलाल तिला म्हणाला, "काच बसवून घ्या, खिडक्या लावा. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

ती नाहीच म्हणत होती. पण घरात आपण राहिलोच नाही तर काय बिघडणार, असं डॅरलचं म्हणणं. काच बसवली. मर्लने यंत्र ठेवलं, पट्ट्या लावल्या. दोघं पलीकडच्या गावी मोटेलमध्ये गेली. जाताना तिने किल्ली माझ्याकडे दिली आणि फोन जवळ ठेव म्हणाली. मी तिची थट्टा केली. वर्षभर सगळा तालुका गरम करत होतीस, आता दोन दिवस तरी खिडकी लागली म्हटलं.

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ब्रिटा किंचाळत होती.

"खिडकी फोड. डॅरल श्वास घेत नाहीये. आत्ता फोड."

मोटेलची खिडकी सताड उघडी होती म्हणे. डॅरल उघड्या हवेत, कित्येक मैलांवर, काळानिळा पडत होता. मोटेलवाल्याने ॲम्ब्युलन्स बोलावली होती, पण ती अजून पोहोचायची होती.

मी पायातल्या सपातांनिशीच रस्ता ओलांडला. किल्ली लावायच्या भानगडीत पडले नाही. खिडकी रस्त्याकडेच आहे, जमिनीलगत. बाहेरून गुडघे टेकले.

काचेला आतून वाफ धरली होती... एकाच जागी, गोल.

घरात कोणी नव्हतं.

भिंतीलगतची कुंडी उचलली आणि मारली. काच फुटल्याचा आवाज झाला असेलच, मला आठवत नाही. आठवतो तो त्याच्यामागचा. खोल, लांबलचक, छाती फुटेस्तोवर आत घेतलेला श्वास. खिडकीचा पडदा आत, खोलीकडे ओढला गेला आणि ताठ राहिला. माझ्या गळ्यातला स्कार्फही त्या भोकाकडे खेचला गेला. मी मागे सरकले, तशी बर्फात पडले.

फोनवर डॅरल खोकत होता. ब्रिटा रडत होती.

घर विकलं नाही. मर्लने यंत्र उचललं आणि पैसेही मागितले नाहीत. हे सगळं कशामुळे, मला विचारू नका. मर्ल म्हणतो हवेचा दाब. पाद्रीबाबा म्हणतात प्रार्थना करा. मी दोघांनाही हो म्हणते.

आता त्या खिडकीला काचच नाही, नुसती जाळी आहे. यंदा पारा शून्याखाली तिसावर गेला तेव्हाही ती तशीच होती. येणारेजाणारे हसतात. डॅरलही हसतो. मी मेलो तर तुमचं एक काम वाचलं, खिडकी आधीच उघडी आहे, म्हणतो.

मी मात्र हसत नाही. कारण वाट करून दिली, आता म्हातारा गेला असेल, असं त्यांना वाटतं. आणि मी रोज माझ्या खिडकीतून त्यांच्या खिडकीकडे बघते. वारा नसला तरी तो पडदा हलतो. आत ओढला जातो, थांबतो, सैल पडतो. पुन्हा आत.

श्वास सोडावा तसा बाहेर आलेला मी तो अजून एकदाही पाहिलेला नाही.