फाईलीत दडलेला डोंगर

“बुडाला! बुडाला!” चिमणी बोंबलतच अंगणात आली.

“अगं, कोण बुडालं?” सायकलची साखळी बसवता बसवता ताईने विचारलं. तिची बोटं वंगणाने काळीकुट्ट झाली होती.

“मावशीचा फोन! कुत्र्याच्या आंघोळीच्या टबात! फेसातून गेला तो थेट तळाशी!”

“फोन फेसात, पाणी पोटात...” भुंग्याने लगेच गुणगुणायला सुरुवात केली. याला काहीही सांगा, त्याचं गाणं होणार. म्हणून तर सगळे त्याला भुंगा म्हणत.

“गाणी नंतर! पळा!” ताई म्हणाली आणि तिघं भावंडं दवाखान्यात धावली.

मावशी प्राण्यांची डॉक्टर. वर घर, खाली दवाखाना. सुट्टी लागली की ही तीन पाखरं तिच्याकडे उतरत आणि महिनाभर त्या घरात माणसं, मांजरं, कुत्री आणि पोपट असा एकच कालवा चाले.

समोरच्याच दुकानातून फोन दुरुस्त करणारे उस्ताद आले. फोन पुसला, वारा घातला, वायर जोडली. पडदा मिणमिणला. “नंबर काढून घेतो!” म्हणत त्यांनी भराभर बटणं दाबली. सगळे संपर्क एका फाईलीत भरून पेनड्राइव्हवर आले, आणि तेवढ्यात फोनने जो डोळा मिटला तो मिटलाच.

उस्तादांनी फाईल दवाखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली. एक चौकोन उघडला. त्यात एकच नाव होतं.

“अंजीर,” काकांनी चष्मा सावरत वाचलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. दवाखान्याचा हिशेब आणि कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. “अंजीर? हे काय माणसाचं नाव आहे?”

“माणसाचं नाहीच. कुत्रीचं आहे,” मावशी कपाळाला हात लावत म्हणाली. “मला माणसांची नावं आठवत नाहीत हो! प्राण्यांची एकही विसरत नाही. म्हणून सगळे नंबर त्यांच्याच नावावर. पण बाकीचे कुठे गेले?”

“पाण्याने गिळलं सगळं. एकच वाचला,” उस्ताद ठामपणे म्हणाले. “नशीब म्हणा, तेवढा तरी वाचला!” त्यांनी लगेच पेनड्राइव्ह पुसून कोरा केला, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला गाणी भरून द्यायची होती. आणि ते गेलेसुद्धा.

एवढ्यात दार ढकलून शिंपीआजोबा आत आले. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. शर्टाला टोचलेली सुई तशीच. दोन्ही हातांवर त्यांनी चादरीत गुंडाळलेली बटण आणली होती.

बटण म्हणजे त्यांची तपकिरी कुत्री. शिवणयंत्राच्या पायडलला धक्का लागणार नाही अशा बेताने बसणारी, कात्रीचा आवाज आला की एक कान उभा करणारी. आज तो कान पडला होता.

“डॉक्टरीणबाई, बघा ना. सकाळपासून उठतच नाही. तिच्याशिवाय घरात बोलायला कोण आहे मला?”

मावशीने बटणच्या हिरड्या पाहिल्या. कागदासारख्या पांढऱ्याफटक! रक्त तपासून ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

“गोचिडाचा ताप आहे. औषध सुरू केलंय, पण अंगात रक्तच उरलं नाही. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यायला हवं. आज संध्याकाळपर्यंत.”

“मी रस्त्यावरून एखादा मोठ्ठा कुत्रा बोलावून आणू?” चिमणीने विचारलं.

“नाही गं बाळा. धडधाकट, लसी घेतलेला, तपासलेला हवा. असे कुत्रे माहीत आहेत मला, त्यांच्या नावापुढे मी ‘रक्तदाता’ असं लिहूनही ठेवलं होतं. पण ते सगळे...” तिने मेलेल्या फोनकडे पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली.

शिंपीआजोबा बाकावर बसले. गळ्यातल्या टेपची गुंडाळी करत, पुन्हा सोडत, पुन्हा करत.

ताईला ते बघवेना. ती कॉम्प्युटरपाशी गेली. पडद्यावर ती फाईल एकटीच पडली होती. नावाच्या शेपटीला ‘डॉट व्हीसीएफ’, म्हणजे संपर्कांची फाईल. तिने सहज तिची माहिती उघडली आणि ती ताडकन उभीच राहिली!

“भुंग्या! इकडे ये! ही फाईल केवढी जड आहे बघ!”

“मग?”

“अरे, एक नाव, एक नंबर, एक पत्ता! त्याला जागा लागून लागून किती लागणार? आणि ही तर गाण्याच्या फाईलीएवढी आहे!”

“म्हणजे,” भुंग्याचे डोळे लकाकले, “एकट्या अंजीरबाईंनी एवढं मोठं घर घेतलंय, की आत पाहुणे लपलेत?”

“दार उघडून बघू या! पण आधी नक्कल. आणि मूळ फाईलीत एक अक्षरही बदलायचं नाही.”

ताईकडे आईचा जुना फोन होता. सिम नसलेला, खेळ खेळण्यापुरता. तिने तो वायरने जोडला आणि फाईलीची नक्कल त्यात पाठवायला लावली. जुना कॉम्प्युटर कुरकुरत कामाला लागला. पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. तोवर तिने नोटपॅडमध्ये ती फाईल साधा मजकूर म्हणून उघडली.

पडद्यावर अक्षरांचा पूर आला!

“बिगिन, व्हीकार्ड,” चिमणी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचू लागली. “मग कसले कसले आकडे... मग एंड, व्हीकार्ड. संपलं की!”

“संपलं कुठे? खाली बघ! पुन्हा बिगिन! पुन्हा एंड! परत बिगिन!” भुंगा तर उड्याच मारू लागला. “अगं, ही माळ आहे माळ! एकाच दोऱ्यात ओवलेली कार्डं! कॉम्प्युटरने पहिलाच मणी पाहिला आणि बाकी माळ सोडून दिली!”

“पण नावं कुठायत? बरोबरचं चिन्ह, इ, शून्य, बरोबरचं चिन्ह, ए, चार... हे काय नाव झालं?” चिमणीने विचारलं.

ताईने ओळींवरून बोट फिरवलं. “प्रत्येक नावात पुन्हा पुन्हा तेच येतंय. ही आपली मराठी अक्षरं असणार! फोनने आकड्यांची घडी घालून ठेवलीत. घडी उलगडणारा दुसरा फोन मिळाला की झालं!”

“आणि हा राक्षस कोण?” चिमणीने किंचाळून विचारलं. कितीही खाली सरकवा, अक्षरांचं नुसतं रान. ना शब्द, ना जागा.

“तो फोटो असेल! म्हणून तर फाईल एवढी जड!”

“काय चाललंय रे?” दारातून आवाज आला. काका! त्यांच्या हातात फडकं होतं. काकांना साफसफाईचा भारी सोस. “व्हा बाजूला. ती बिघडलेली फाईल पुसून टाकतो. उगाच जागा अडवते.”

“थांबा काका, त्यात सगळे...” ताईचं बोलणं त्यांनी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. तिने पट्टीकडे पाहिलं. अजून एवढीशी बाकी होती!

“काका!” चिमणी एकदम ओरडली. “पोपटाने तुमच्या चहात चोच घातली!”

“कुठे? कुठे?” काका गर्रकन वळले. पोपट पिंजऱ्यात निवांत बसला होता. त्याने काकांकडे पाहून “चहा! चहा!” असा गजर केला.

“चहा तर मी केव्हाच प्यालोय!” काका परत फिरले, त्यांनी ताईच्या हातातून माउस घेतला, फाईल पुसली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि समाधानाने म्हणाले, “हं! आता कसं स्वच्छ वाटतंय!”

ताईने झडप घालून जुना फोन उचलला.

नक्कल आली होती! अख्खी!

तिने फाईलीवर टिचकी मारली. फोनने विचारलं, सगळे संपर्क जोडायचे का?

“सगळे! सगळे!” तिघं एका सुरात ओरडले.

आणि मग काय! कानाड्या, बिट्टी, ढगोबा, फुसकुली, राणीसाहेब... एकेक नाव उलगडत आलं. प्रत्येकाशेजारी एक तोंड. कुणाची जीभ बाहेर, कुणाचं नाक कॅमेऱ्यालाच चिकटलेलं. ताईने शोधाच्या जागी ‘रक्तदाता’ असं लिहिलं. दोन नावं वर आली.

“मावशीऽऽ!”

मावशी धावत आली. फोन बघून तिचा हात तोंडावर गेला. “अगं बाई! ही सगळी माझीच लेकरं की गं! थांबा... ढगोबा नको, त्याने परवाच रक्त दिलंय. डोंगर! डोंगर चालेल! आणि बटणने याआधी कधी रक्त घेतलेलं नाही, म्हणजे पहिल्यांदा सहसा कुणाचंही चालतं, तरी मी आधी दोघांचं रक्त जुळवून बघेन. लावा फोन!”

काकांनी आपल्या फोनवरून नंबर लावला. “बंद आहे,” ते पडेल आवाजात म्हणाले.

“पण कार्डात पत्ता आहे! टिपण पण आहे!” ताई वाचू लागली. “‘मालक बेकरीत रात्री पाव भाजतात. दिवसा झोपतात.’ म्हणून फोन बंद! बेकरीमागची गल्ली, निळं दार! काका, गाडी?”

“गाडी गॅरेजमध्ये आहे गं.”

“मग सायकली!”

गल्लीबोळ, उतार, वळण, पुन्हा चढ! चिमणी मागे बसून घंटी वाजवत होती आणि भुंगा धापा टाकत गात होता,

“डोंगरा रे डोंगरा, ऊठ रे भाऊ,
बटणच्या गालाला लाली आपण लावू!”

निळं दार आतून बंद होतं. आतून घोरणं ऐकू येत होतं, जणू कुणी लाकूडच कापतंय. ताईने कडी वाजवली. भुंग्याने दार बडवलं. घोरणं आणखी वाढलं!

“सरका,” चिमणी म्हणाली. तिने किल्लीच्या भोकाला तोंड लावलं आणि एवढ्याशा जिवातून आभाळाएवढी हाक मारली, “डोंऽऽगर! मालकांना उठव!”

आत काहीतरी अवाढव्य हललं. मग धप्प असा आवाज, मग “अरे! अरे! पांघरूण सोड, गाढवा!” अशी आरोळी. दार उघडलं. डोळे चोळणारा बेकरीवाला आणि त्याच्या कमरेएवढा, काळाभोर, तोंडात पांघरूण धरलेला डोंगर!

ताईने सगळं एका दमात सांगितलं. बेकरीवाल्याची झोप कुठच्या कुठे उडाली. “शिंपीकाकांची बटण? अरे, माझा एप्रन त्यांनीच शिवलाय! चल रे डोंगऱ्या!” सामान वाहायची त्याची गाडी बाहेरच उभी होती. डोंगर मागे चढला, सायकलीही चढल्या.

दोघांचं रक्त जुळलं. डोंगर टेबलावर शहाण्यासारखा आडवा झाला आणि मावशीने पिशवी भरून घेतली. मग त्या नळीतून थेंब थेंब लाल जीव बटणच्या अंगात उतरू लागला. भुंग्याचं गुणगुणणंसुद्धा थांबलं होतं.

उन्हं कलली. शिंपीआजोबांच्या खिशातली कात्री चुकून फरशीवर पडली. खणकन आवाज झाला.

आणि बटणचा एक कान उभा राहिला!

“माझी बाय!” आजोबांनी तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. टेप दोघांच्याही गळ्याभोवती अडकली, पण ती कुणी सोडवली नाही.

बातमी ऐकून उस्ताद धावत आले. ताईने त्यांना ती माळ दाखवली, बिगिन ते एंड, बिगिन ते एंड. उस्तादांचा चेहरा पडला. “अरे बापरे! म्हणजे आजवर मी ज्यांना ज्यांना सांगितलं की तुमचा एकच नंबर वाचला...”

“त्यांना आता शोधा, उस्ताद!” भुंगा म्हणाला.

“शोधू कसा? त्यांचे नंबर कुठे आहेत माझ्याकडे?”

सगळे खो खो हसले. काकांनी हातातलं फडकं चिमणीच्या स्वाधीन केलं. “यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय एक फाईल पुसणार नाही. शाब्बास रे पोरांनो! माझा नि उस्तादांचा घोळ तुम्ही निस्तरलात.”

दुसऱ्या दिवशी मावशीचा नवा फोन आला. फाईल त्यात उतरवली. एक नक्कल काकांकडे, एक ताईकडे ठेवली. मग मावशीने तिघांना ओळीत उभं करून फोटो काढले आणि नवी कार्डं लिहायला घेतली.

“भुंगा. चिमणी. तुम्ही दोघं आधीच माझ्या यादीत शोभणारे!” ती हसली. मग ताईकडे वळली. “पण तुझं काय करू? माझ्याकडे माणसांची नावं टिकत नाहीत, माहीत आहे ना?”

ताई लाजली. कालचं वंगण अजून तिच्या नखांत होतं.

मावशीने भराभर काहीतरी लिहिलं आणि कार्ड तिच्या फोनवर पाठवलं. ताईने टिचकी मारली. तिचा फोटो उलगडला, आणि त्याखाली नाव होतं: वाघीण.