सातवा बोळा

"शिव्या देऊन इंजिनं चालू होत असती, तर आमचं दुकान केव्हाच बंद पडलं असतं."

मी बोटीतून दचकून वर बघितलं. धक्क्याच्या कडेला पाय सोडून एक माणूस डबा खात बसला होता. माझी गेल्या दहा मिनिटांतली सगळी मुक्ताफळं त्यानं ऐकली होती, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"इंजिनाला देत होते," मी म्हटलं. "तुम्हाला नाही."

"तरी एक-दोन लागल्याच. मेकॅनिक आहे मी. मागच्या गल्लीत पंप दुरुस्त करतो." त्यानं डबा बंद केला. "हँडल मारून दाखवता?"

एरवी मी त्याला वाटेला लावलं असतं. राग माझ्या नाकावरच असतो, असं ताई म्हणते ते काही खोटं नाही. पण त्या दिवशी बुधवार होता, आणि रविवारी ताई आणि भावजी बोटीसाठी गिऱ्हाईक घेऊन येणार होते. बाबा गेल्यापासून ताईचं एकच टुमणं... बोट विकून टाक, आमच्याकडे राहायला ये, एकटी काय करतेस तिथं? शेवटी ती एवढ्यावर आली होती की रविवारी इंजिन चालू करून दाखव, मग मी पुन्हा विषय काढणार नाही.

बाबा याच बोटीनं लोकांना पलीकडच्या काठावर सोडायचे. मी चौदाव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली. ते गेले आणि दोनच महिन्यांत इंजिनानंही अंग टाकलं. मग मी ते एकटीनं शेवटच्या नटापर्यंत उघडलं, धुतलं, पिस्टनला नव्या रिंगा घालून पुन्हा बांधलं. सात महिने लागले. आणि आता ते साधं शिंकायलाही तयार नव्हतं.

मेकॅनिकनं बाह्या सरसावल्या. "डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल." त्यानं नट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू दिलं. मी हँडल मारलं. काही नाही.

"उद्या येतो," तो म्हणाला. "जेवायला मी रोज इथंच येतो."

"रोज? मी कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"तुम्ही मान वर केलीत कधी?"

गुरुवारी त्यानं डिझेल फवारणारं नॉझल काढून तपासलं. फवारा धुक्यासारखा बारीक येत होता, म्हणजे तिथंही दोष नव्हता. शुक्रवारी त्यानं स्वतः हँडल फिरवलं आणि मधेच थांबला.

"फार हलकं जातंय. आत दाबच धरत नाहीये. रिंगा कुणी बसवल्या?"

"मी."

तो माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला... आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुन्हा उघडायचं म्हटलं तर आठवडा जाईल," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी घरी गेले. कुलूप काढताना सवयीनं "आले हो" म्हटलं. आत कुणी नसतं, तरी नऊ महिने म्हणतेय. त्या दिवशी मात्र दारातच उभी राहिले. तीन दिवस मी काही म्हटलं की समोरून उत्तर येत होतं, आणि तेवढ्यानंच मी लाडावले होते. आता उद्याचा एक दिवस... मग बोटही नाही आणि धक्काही नाही. ताईच्या घरात माणसं भरपूर आहेत, पण तिथं मी कोण?

शनिवारी तो आला तेव्हा मी पाने-पकडी गोळा करत होते.

"हे सात कसले?" त्यानं विचारलं. इंजिनाशेजारच्या फळीवर मी खडूनं मोठा आकडा लिहिला होता.

"बोळे. इंजिन उघडलं की प्रत्येक भोकात फडक्याचा बोळा कोंबायचा, आत कचरा पडू नये म्हणून. बाबांची पद्धत. किती कोंबले ते लिहायचं, बांधताना तेवढे मोजून काढायचे."

"काढले सगळे?"

"मग काय." मी बोळ्यांचा डबा पुढं केला. बाबांच्या जुन्या चौकड्यांच्या शर्टाचे तुकडे होते ते. त्यानं एकेक मोजला.

"सहा आहेत."

"सातवा घरी आहे."

"घरी कशाला?"

मी पाण्याकडे बघितलं. "उशीखाली... शर्टाची बाही आहे ती. तिला अजून त्यांचा वास येतो. हसायचं तर हसा."

तो हसला नाही. "बाहीला तेल लागलंय?"

"तिला कशाला तेल लागेल? ती मी इंजिनात कधी..."

आणि बोलता बोलताच मला आठवलं. बाही मी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवली होती. बोळे सात कोंबले होते, ते तिच्याशिवाय.

आम्ही दोघांनीही एकदमच एअर फिल्टरला हात घातला. तो काढल्यावर आतल्या हवेच्या पाइपमध्ये चौकड्यांचा कोपरा दिसला. मी ओढून काढला. सात महिने तो तिथं घट्ट बसला होता. इंजिनाला श्वासच मिळत नव्हता, तर ते दाब कुठून धरणार?

मी हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला हात जड झाला, एक काळा ढग उठला, आणि धड्... धड्... धड् धड् धड्. बाबांची सकाळ इतक्या महिन्यांनी परत आली. मी हँडल धरून ढसाढसा रडले, आणि तो शहाण्यासारखा दुसरीकडे बघत उभा राहिला.

मग त्यानं आपले पाने पिशवीत भरले. "हाच आवाज ऐकत मी इथं जेवायचो," तो म्हणाला. "दुकानात बोलायला कुणी नसतं. आवाज थांबला, तरी यायचा थांबलो नाही." पिशवी खांद्याला लावली, पण पाय काही हलेना. "बाबा बोळे कोंबायचे, तेव्हा मोजायचं कोण?"

"मी."

"तेच चुकलं. कोंबणाऱ्यानं मोजायचं नसतं." तो कानापर्यंत लाल झाला होता. "पुढच्या वेळी इंजिन उघडाल तेव्हा... मोजायला मी येऊ?"

"नीट बांधलेलं इंजिन दहा वर्षं उघडावं लागत नाही."

"चालेल," तो म्हणाला. "तोवर रोज येऊन वाट बघतो."

मी डोळे पुसले आणि त्याच्या हातात दोर दिला. "मग आधी हा सोडा. पलीकडे जाऊन येऊ."