शेवग्यावरचे कोंबडे

मोबाईल ठेवा रे खाली. हितेंद्र, तुलाच सांगतोय. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, नाहीतर घरी जाऊन झोपा. आणि ही काही इकडची तिकडची ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली त्या नवलनेच मला सांगितली, अन् तो थापा मारणाऱ्यातला नाही. साधं हसायचं तरी त्याच्या जिवावर येतं.

नवल सुरतेला कापडाच्या कारखान्यात. आई भिकुबाई इकडे, धरणगावच्या अलीकडच्या एका खेड्यात एकटी. दिवाळीपासून फोनवर तिचं एकच, बाबा, एकदा तोंड दाखवून जा. हा म्हणायचा, येतो माय, सुट्टी मिळू दे. सुट्टी मिळाली ती म्हातारी गेल्यावर. गेल्या साली, पौषातल्या अमावस्येच्या आदल्या दिवशी तो पोचला, तेव्हा लोक त्याच्यासाठीच खोळंबले होते.

त्याने अग्नी दिला, आंघोळ केली, ओसरीवर येऊन बसला. डोळ्यांत टिपूस नाही. बाया कुजबुजल्या, काय दगड पोरगं आहे! दगड नव्हता रे. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसा सगळा बधिर झाला होता. डोक्यात फक्त एवढंच, माय माझ्यावर रागावून तर नाही ना गेली?

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जीव गेला त्या जागी रात्री पीठ पसरायचं, सारखं करायचं, दिवा लावून वर टोपली झाकायची. दार उघडं ठेवायचं. सकाळी टोपली काढून बघायचं, पिठात कसलं पाऊल उमटलं ते. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं, ते त्यावरून ठरवतात. नवलला जन्माचं काही नव्हतं. माय एकदा घरात येऊन गेली एवढं कळलं, तरी त्याला पुष्कळ होतं.

पण अंगणात तीन बेवारशी कोंबडे. कुणाचे सुटलेले, कुणी देवाला सोडलेले, भिकुबाईच्या भाकरीच्या तुकड्यावर तिथेच राहिलेले. चुलती सुनंदाबाई म्हणाली, "नवल, आधी त्या बठ्ठा कोंबडा धरी ले. रातभर दार उघडं ऱ्हाई. पिठवर त्यासना पाय उमटनात तं लोके म्हनतीन, भिकुबाई कोंबडा व्हयनी!"

हसा, हसा. त्याला नाही हसू आलं. तो उठला अन् कामाला लागला.

दिवसा कोंबड्यामागे धावणारा माणूस येडा. अंधार पडला की ते झाडावर बसतात, त्यांना दिसत नाही, नुसते उचलून घ्यायचे. परसातल्या शेवग्यावर तिघे बसले होते. नवलने पोतं टाकलं, एकेकाला खाली ओढलं, सुतळीने पाय करकचून बांधले. एक कोंबडा कळवळून ओरडला. याने गाठ आणखी आवळली. का आवळली, ते त्यालाच सांगता येत नाही. मग मागच्या पडवीत तिघांना बांबूच्या डालग्याखाली कोंडलं अन् वर मसाल्याचा पाटा ठेवला.

पीठ पसरलं. दिवा लावला. टोपली झाकली. सुतकाचं घर, चूल सकाळपासून थंड. शेजारून आलेली भाकरी सुनंदाबाईने खाल्ली, याने नाही. दोघं ओसरीवर आडवी झाली. चुलती घोरायला लागली.

नवल दाराकडे बघत पडला होता. थंडी मरणाची. टोपलीच्या फटींतून उजेड येत होता, तेवढाच.

ये माय, तो मनात म्हणत होता. एकदा ये.

दोन वाजून गेले असतील.

आवाज आला... दारातून नाही. मागून. पडवीतून.

"ती... ती... ती..."

हळू. कोंबड्यांना बोलावतात तसा.

मग कोंबडे बोलले. घाबरून नाही. दाणे टाकल्यावर घशातल्या घशात बोलतात ना... तसं.

नवलला उठायचं होतं. पाय उचलेनात.

"माय?"

सगळं गप्प.

मग पुन्हा... अगदी जवळून बोलल्यासारखं, पण त्याच्याशी नाही...

"उगी... उगी रे..."

मग काहीच नाही.

तो तसाच. डोळे उघडे.

पहाट झाली. एकही कोंबडा आरवला नाही.

सुनंदाबाईने हात जोडून टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. एक रेघ नाही. तिने सुस्कारा सोडला. "सुटनी रे तुन्ही माय. कोठेच अडकनी नही."

नवल उठला. मागे पडवीत गेला.

पाटा डालग्यावर होता. जिथे ठेवला तिथेच. त्याने तो उतरवला, डालगं वर केलं.

तिघे बसलेले. शांत. पाय मोकळे... सुतळीचा तुकडासुद्धा कुठे नाही.

अन् सुतळीने जिथे कातडं कापलं होतं, तिथे, एकेका पायाला, हळद. नीट, बोटाने दाबून लावलेली.

रात्रभर ती याच घरात होती. त्याच्याकडे आली नव्हती.

नवल खाली बसला. एका कोंबड्याचा पाय हातात घेतला, हळदीला बोट लावून बघितलं.

तेलात परतलेली होती. अजून कोमट होती.