खिडकीकडे पाठ

खोलीत एक बाक होता, तीन स्टुलं, एक टेबल, एक दिवा, एक दार आणि एक खिडकी. बाकावर चौघं मावत. म्हणजे एकूण सात माणसं. भिंगवालीने पुन्हा मोजलं. सातच.

"या सातांतलं कुणीतरी एक फितूर आहे," दादा म्हणाले. "कोण ते आम्हाला कळलंय. तू फक्त खात्री करून दे."

"कळलंय तर मला कशाला बोलावलंत?"

दादा मागावरचे सगळ्यांत जुने कामगार. संघटनेला पाच महिने झाले होते आणि ते तिचे प्रमुख होते. त्यांनी मान खाजवली. "ती पोरगी रडत नाही, शपथा घेत नाही. नुसती बसून राहते. त्यामुळे दोघातिघांच्या मनात पाल चुकचुकली. आणि तू काय, ना त्यांची ना आमची."

ते खरंच होतं. भिंगवाली गिरणीच्या तपासणी खात्यात होती. दिवसभर कापडावर भिंग ठेवून इंचात किती धागे ते मोजायचं आणि चूक दिसली की खडूने खूण करायची. तिने खूण केली की विणणाऱ्याला बोलणी बसत. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी टेकत नसे. मालकाची माणसंही टेकत नसत. नऊ वर्षं ती डबा एकटीच खात होती.

हकिगत थोडक्यात अशी होती. संघटनेच्या तीन गुप्त बैठका झाल्या, तिन्ही शनिवारी संध्याकाळी. तिन्ही वेळा सोमवारी सकाळपर्यंत मॅनेजरला बातमी लागलेली होती. पहिल्यांदा पत्रकांचा गठ्ठा मागच्या फाटकावर पकडला गेला. दुसऱ्यांदा मागणीपत्रावर सह्या करणार होते ते तिघं कामावरून गेले. तिसऱ्यांदा ज्या मैदानात सभा ठरली होती, त्याच्या दाराला कुलूप आणि बाहेर पहारा.

संशय बॉबिनवालीवर होता. मागांना सुताच्या बॉबिनी पुरवणारी ही तरुण विधवा समितीत सगळ्यांत नवी होती. तिचा दीर मॅनेजरच्या बंगल्यावर पहारेकरी होता. आज शनिवार. संध्याकाळी सहाला तिचं नाव संघटनेतून काढायचं ठरलं होतं. ती राहत होती ती खोली एका विणकराच्या घरातली. नाव गेलं की खोलीही जाणार होती, आणि मग गिरणीत तिच्याशी कुणी बोललंही नसतं.

ते कसं असतं, हे भिंगवालीला कुणी सांगायची गरज नव्हती.

बॉबिनवाली जिन्यात बसली होती.

"दीर भेटतो तुला?"

"नवरा गेला त्या आठवड्यात त्यानेच मला घराबाहेर काढलं."

"हे तू समितीला सांगितलंस?"

"कुणी विचारलं?"

"मग तुझ्याविरुद्ध आहे तरी काय?"

"बैठकीत मी जे बोलले ते कधीच बाहेर गेलं नाही. बाकी सगळ्यांचं गेलं. म्हणे मी माझं तेवढं झाकून ठेवते."

"बाकी सगळ्यांचं? नक्की?"

"दादा म्हणतात. दादांना कोण विचारणार?"

भिंगवालीने विचारलं. बाकीच्या सहाही जणांना एकेकटं गाठलं आणि तीन बैठकांत कोण काय बोललं ते लिहून घेतलं. महत्त्वाच्या गोष्टी बारा निघाल्या. मॅनेजरला कळलेल्या आठ. न कळलेल्या चार. त्या चारांपैकी दोन स्टुलावर बसणाऱ्या बॉबिनवालीच्या. उरलेल्या दोन, स्टुलांवरच्याच दुसऱ्या दोघांच्या, एकेक. आठच्या आठ बाकावरच्या चौघांच्या.

लिहून घेताना एक अडचण आली. बोलता बोलता दादांचा आवाज बंद झाला. ओठ मात्र चालूच.

"दादा, मोठ्याने बोला."

"बोलतोच आहे की."

"मला ऐकू येत नाही."

दादा हसले. "तू त्या शांत खोलीतली. आमच्या खात्यात अडीचशे माग एकदम चालतात. कानाशी ओरडलं तरी उपयोग नाही. आम्ही ओठांनीच बोलतो, ओठच वाचतो. बैठकही तशीच. खाली दुकान आहे आणि जमिनीच्या फळ्यांना फटी. म्हणून इथे कुणी चकार शब्द काढत नाही. याहून गुप्त काय असणार?"

"अंधार पडल्यावर?"

"दिवा बाकासमोर ठेवतो. तोंडं दिसायला हवीत ना."

तिने दिवा पाहिला. काच बाकाच्या बाजूने लख्ख पुसलेली होती. मग ती खिडकीशी गेली. गल्लीपलीकडच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती, गजांवर कोपर टेकून.

"त्या कोण?"

"ती होय, मावशी. एकवीस वर्षं माझ्या शेजारच्या मागावर होती. कान पार गेले तेव्हा गिरणीने घरी बसवलं."

"तुम्ही जाता त्यांच्याकडे?"

"जायचो. आता संघटनेच्या धबडग्यात वेळ कुठे मिळतो." दादा खिडकीपासून बाजूला झाले. "आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे सारखं तिच्याकडे तोंड करून बसावं लागतं. माणूस कंटाळतो."

भिंगवाली खाली उतरली. भिंतीपासून भिंतीपर्यंत गल्ली सोळा पावलं भरली.

मावशींचं दार तिने वाजवलं. उत्तर आलं नाही. ढकललं तर उघडं होतं. खिडकीशी एक खुर्ची, तिची बैठक झिजून खोलगट झालेली. समोर दुसरी खुर्ची. फळीवर धुऊन पालथे घातलेले दोन कप. भिंगवालीची सावली भिंतीवर पडली तेव्हा कुठे मावशी वळल्या.

"उजेडात ये," त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या. "तोंड दिसू दे. कोण गं तू?"

"मी तपासणी खात्यातली."

"माझ्या कापडात चूक काढायची ती?"

"दोनदाच काढली होती, मावशी."

"तीनदा." मावशी पहिल्यांदाच हसल्या. "बस ना. घाईत आहेस का?"

"दुसरा कप कुणाचा?"

"हजेरीवाल्याचा. दर रविवारी येतो बिचारा. पहिल्यांदा कामाला लागला तेव्हा माझ्याच हाताखाली होता."

भिंगवाली खुर्चीवर बसली. तिने आणखी तीन प्रश्न विचारले आणि मग एक काम सांगितलं.

सहाला समितीचे सातही जण खोलीत नेहमीच्या जागी बसले. भिंगवालीची चिठ्ठी टेबलावर होती: 'दादांनी नेहमीसारखं, आवाज न काढता, मनात येईल ते एक वाक्य बोलावं. मग बॉबिनवालीने एक. दोन्ही लिहून ठेवा. मी सहा वाजून दहा मिनिटांनी येते.'

बरोबर दहा मिनिटांनी ती आली. हातात कागद होता.

"दादा म्हणाले," तिने वाचलं, "'भिंगवाली स्वतःला फार शहाणी समजते, पण सहाचे ठोके पडले आणि तिचा पत्ता नाही.'"

बाकावर कुणीतरी खोकलं. दादांचे कान लाल झाले. भिंगवालीने टेबलावरचा कागद आपल्या कागदाशेजारी धरला.

"तुम्ही लिहून ठेवलंय त्यात 'अजून' जास्त आहे. चौदा शब्दांपैकी तेरा बरोबर. बॉबिनवाली काय बोलली ते इथे काही लिहिलेलं नाही."

"तू दाराआड होतीस," एक जण म्हणाला.

"मी त्या खोलीत होते." तिने खिडकीकडे बोट केलं. "आणि मला ओठ वाचता येत नाहीत. मी मावशींनी सांगितलं ते लिहिलं."

सगळ्यांची तोंडं खिडकीकडे वळली.

"खोलीतलं कुणी फितूर असतं तर त्याला बाराही गोष्टी माहीत असत्या. मॅनेजरला आठच कळल्या. त्या आठ कुणी बोलल्या हे तुम्ही पाहिलं नाहीत. बॉबिनवालीच्या दोन कळल्या नाहीत एवढंच पाहिलंत. आठही बाकावरून बोलल्या गेल्या. बाकाचं तोंड खिडकीकडे, शिवाय समोर दिवा. स्टुलांची पाठ खिडकीकडे. तुम्ही कानांपासून लपलात. पण तुमचं बोलणं डोळ्यांचं आहे, आणि गल्ली सोळा पावलांचीच आहे."

"मावशी आम्हाला विकेल?" दादांचा आवाज आता चांगलाच मोठा झाला होता. "एकवीस वर्षं..."

"त्यांनी काही विकलं नाही. शनिवारी तुम्हाला बोलताना पाहायचं, रविवारी हजेरीवाल्याला सांगायचं. दादा असं म्हणाले, अमके तसं म्हणाले. गप्पा. तो ते सोमवारी मॅनेजरकडे पोचवायचा. मी विचारलं, त्यालाच का सांगता? त्या म्हणाल्या, तो माझ्याकडे तोंड करून बसतो."

दादांनी खिडकीकडे पाहिलं, मग खाली.

"हे गुपित आहे हे त्यांना कळत नव्हतं?" स्टुलावरच्या एकाने विचारलं.

"हेही विचारलं. 'थोडं कळायचं,' म्हणाल्या. 'पण नाही सांगितलं तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल?' मग मी सांगितलं की यापायी बॉबिनवालीला काढताहेत. त्या म्हणाल्या, 'ती कोण? तिचं तोंड मला कधी दिसलंच नाही.'"

बॉबिनवालीने मान वर केली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आवाज न करता, खिडकीकडे पाठ करून.

नाव काढायचा ठराव दादांनी स्वतः फाडला. पुढचा ठराव पडद्याचा होता. सात हात वर झाले.

"मावशीला सांगायला कोण जाणार?" दादांनी विचारलं.



"मी जाते," भिंगवाली म्हणाली.

पडदा बॉबिनवालीने शिवला. कापड तपासणीत नापास झालेलं होतं, पण जाड.

त्या रविवारी मावशींनी हजेरीवाल्याला हवापाण्याखेरीज काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतरच्या शनिवारी, सहापासून, भिंगवाली मावशींच्या खोलीत दुसऱ्या खुर्चीवर बसली होती. समोरच्या खिडकीत पडद्याआड दिव्याचा पिवळा डाग दिसत होता.

"आज बैठक नाही का?" मावशींनी विचारलं.

भिंगवालीने त्यांच्याकडे तोंड केलं. "आहे."

मग ती खिडकीशी गेली आणि वहीत नोंद केली. अंतर सोळा पावलं. पडद्याचं कापड इंचाला उभे धागे चौसष्ट, आडवे साठ. वेळ अर्धा तास. मावशींना वाचता आलेले शब्द शून्य.